अ‍ॅप नंतर बघू, आधी वीस घरं पक्की करू



सध्या आपल्याकडे एकच विषय चाललाय. समितीनं स्वतःचं अ‍ॅप काढायचं, मासे सरळ घरपोच द्यायचे आणि काठावरच्या व्यापाऱ्याचा जाच संपवायचा. पोरांचा उत्साह बघून बरं वाटतं. डिसेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं उघड्यावर मासे-मांस विकण्यावर बंधनं आणली, तेव्हापासून घरपोच विक्रीचा विचार करणं भागच आहे. पण समितीची शिल्लक आधी अ‍ॅपवर घालायची, याला माझा विरोध आहे. का, ते सांगतो.

इंटरनेटवर ज्यांचे धंदे मोठे झाले, त्यांनी सुरुवात कशी केली ते बघा.

मुंबईचं बुकमायशो घ्या. १९९९ साली आशीष हेमराजानी, परीक्षित दर आणि राजेश बालपांडे या तिघांनी हा धंदा सुरू केला. तेव्हा लोकांकडे कार्ड नव्हतं, घरात इंटरनेट नव्हतं, थेटरात कॉम्प्युटर नव्हता. मग हे लोक तिकिटं आधीच विकत घेऊन ठेवायचे आणि माणूस पाठवून घरी पोचवायचे. पुढं इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला आणि दीडशेतली जेमतेम सहा माणसं उरली. तरी त्यांनी दुकान बंद केलं नाही. थेटरांना तिकिटांचं सॉफ्टवेअर विकून दिवस काढले. बुकमायशो हे नाव आलं २००७ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी.

फ्लिपकार्टचंही तसंच. २००७ मध्ये सचिन आणि बिन्नी बन्सल यांनी बेंगळुरूत फक्त पुस्तकं विकायला घेतली. पहिली ऑर्डर आली आणि ते पुस्तक त्यांच्याकडे नव्हतंच. दुकानं पालथी घालून शोधलं आणि गिऱ्हाइकाला पाठवलं. जाहिरातीला पैसा नव्हता, म्हणून पुस्तकांच्या दुकानाबाहेर उभं राहून लोकांना बुकमार्क वाटले. आज तिथं सुईपासून फ्रीजपर्यंत सगळं मिळतं, पण सुरुवात एकाच मालानं झाली.

आता आपल्या धंद्यातलं उदाहरण. केरळचे मासळी निर्यातदार मॅथ्यू जोसेफ यांनी २०१२ मध्ये सीटूहोम नावानं इंटरनेटवर मासे विकायला सुरुवात केली. ती साइट बंद पडली. पण शान कडविल नावाचं त्यांचं एक गिऱ्हाईक होतं, ते मासा विसरलं नाही. त्यांनी जोसेफना शोधून काढलं, आणि २०१५ मध्ये फ्रेशटूहोम उभं राहिलं. साइट गेली तरी माल चांगला होता म्हणून गिऱ्हाईक मागं आलं. उलटं कधी होत नाही. माल शिळा निघाला तर कितीही भारी अ‍ॅप असो, माणूस दुसऱ्यांदा बोट लावत नाही. २०१८ मध्ये गोव्यात माशांत फॉर्मेलिन असल्याचा बोभाटा झाला, तेव्हा मासे खाणारे लोकसुद्धा मासळीपासून लांब राहिले. भरवसा गेला की असं होतं.

पेपरटॅपचाही धडा घ्या. घरपोच किराण्याची ही कंपनी पुष्कळ शहरांत पसरली, सवलतींचा पाऊस पाडला, पण ऑर्डरमागं तोटाच होत होता. २०१६ मध्ये तो धंदा गुंडाळला. त्यांच्यामागं मोठमोठे गुंतवणूकदार होते. आपल्यामागं आपणच आहोत.

म्हणून आधी हिशेब मांडू. आकडे समजुतीपुरते आहेत. समजा काठावर किलोला १२० मिळतात आणि घरपोच २००. किलोमागं ८० सुटले. एका फेरीत १० किलो रोहू-कतला गेला तर ८०० रुपये. त्यातून बर्फ १००, पेट्रोल १००, साफ करून कापायची मजुरी २००, पिशव्या ५०. हातात ३५०. तीच फेरी ४ किलोची झाली तर? सुटले ३२०. बर्फ आणि पेट्रोल तेवढंच, मजुरी ८०, पिशव्या २०. उरले वीस रुपये! म्हणजे खरा नफा जवळजवळच्या घरांत आहे. अर्धी ऑर्डर नानाखेड्यात आणि अर्धी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हे परवडणार नाही.

माझं म्हणणं असं. नानाखेडा बसस्टँडच्या आसपासच्या कॉलन्यांतली वीस घरं धरू. आठवड्यातून दोनच दिवस, दोनच जातीचे मासे. ऑर्डर आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर, पैसे यूपीआयनं किंवा रोख. वजन गिऱ्हाइकासमोर. मासा कुठला आणि कधी काढला, ते पिशवीवर लिहायचं. मासा आवडला नाही तर पैसे परत, वाद नाही. साफसफाई आणि हिशेब आपल्या बायकांच्या हाती द्यावा. बाजारात गिऱ्हाईक त्यांनीच सांभाळलंय, त्याची नस त्यांनाच कळते.

काहीजण म्हणतील, सचिवसाहेब, असं मुंगीच्या पावलानं चाललो तर मोठी कंपनी येऊन सगळं गिळून टाकेल. येऊ दे की. तिला मासा लागणारच, आणि तो आपल्या जाळ्यात आहे. आपल्याकडे पक्की गिऱ्हाइकं असली तर तिच्याशी भाव बोलता येईल. नुसतं अ‍ॅप असलं तर ती विचारणारसुद्धा नाही.

अजून एक. १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, त्यात सावनात खाणारेही कमी होतात. बंदीच्या काळात नदीचा मासा मिळणार नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगायचं. चोरून काढलेला मासा आपल्या पिशवीत जाता कामा नये.

सहा महिन्यांनी वीसपैकी पंधरा घरं टिकली आणि वहीत नफा दिसला, तर अ‍ॅपचा ठराव मी स्वतः मांडीन. तोवर समितीचे पैसे बर्फाची पेटी, चांगला काटा आणि साफसफाईच्या ओट्यावर लावू. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं ओळखीच्या दोन घरांची नावं आणावीत. पोरांनो, व्हॉट्सअ‍ॅपच्या ऑर्डरी आणि हिशेबाची वही तुम्ही सांभाळा. पुढं अ‍ॅप बनवायची वेळ आली की हीच वही तुमच्या कामाला येईल.

आपला,
सचिव