रस्ता कोणाचा आणि दोष कोणाचा?

आमच्या विभागाच्या गेल्या बैठकीत एक ठराव मांडण्यात आला. ई-चलनांच्या रूपाने सरकार सामान्य माणसाची लूट करीत आहे. थकलेला सर्व दंड सरसकट माफ करावा, अन्यथा पक्षाने आंदोलन छेडावे, असा त्याचा आशय होता. ठराव मांडणारे साथी विद्यार्थिदशेपासून चळवळीत आहेत आणि त्यांच्या निष्ठेविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. हा लेख लिहावासा वाटला तो त्यामुळेच. दुसऱ्या एखाद्या पक्षाने असला ठराव केला असता, तर मी तो वाचून बाजूला ठेवला असता.

साथींच्या गाडीवर चार चलने होती. दोन सिग्नल तोडल्याबद्दल, एक वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल आणि एक उलट दिशेने गाडी नेल्याबद्दल. प्रत्येकाचा त्यांनी सविस्तर खुलासा केला. पहिल्या वेळी सिग्नल पिवळा होता, तो ऐन क्षणी लाल झाला. दुसऱ्या वेळी मागचा टेम्पोवाला सारखा हॉर्न वाजवीत होता, म्हणून पुढे सरकणे भाग पडले. वेगमर्यादेचा फलक झाडाच्या फांद्यांआड दडलेला होता. आणि उलट दिशेने जावे लागले, कारण दुभाजकातली फट महापालिकेने बुजविली असून रीतसर वळसा घालायचा तर पाऊण किलोमीटर अधिक जावे लागते. चार अपराध आणि चार अपराधी: दिवा, टेम्पोवाला, झाड आणि महापालिका. गाडी मात्र कोणीच चालवीत नव्हते!

त्याच बैठकीत मागच्या रांगेत घरेलू कामगार संघटनेतील आमची एक भगिनी बसली होती. सहा महिन्यांपूर्वी सकाळी साडेसहाच्या सुमारास सिंहगड रस्ता ओलांडताना उलट दिशेने आलेल्या स्कूटरने तिला उडविले. घोट्याचे हाड मोडले. पाच घरची कामे होती. ती चालू लागेपर्यंत त्यांतल्या दोन घरांनी दुसरी बाई ठेवली होती. स्कूटरवाला क्षणभर थांबला, तो "बघून चालता येत नाही का, मावशी?" एवढे विचारण्यापुरता. ठरावावर ती काहीच बोलली नाही. अध्यक्षांनी मुद्दाम विचारले, तेव्हा म्हणाली, "त्यालाबी वळसा लांबच पडत असंल." सभेत थोडे हसू उमटले. साथी हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

आपला दोष दुसऱ्यावर ढकलणे हा मनुष्यस्वभावच आहे, असे म्हणून हा विषय मिटविता येईल. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तसे करता येत नाही. आर्थर पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली 'इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथात व्यक्तीच्या पदरात पडणारा लाभ आणि समाजाला मोजावी लागणारी किंमत यांतील तफावतीचे विवेचन केले. भरधाव गाडी हे त्या तफावतीचे शुद्ध उदाहरण होय. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साधारण साडेचौऱ्याण्णव किलोमीटरांचा आहे. घाट वगळता मोटारींना ताशी शंभरची मर्यादा आहे. घाट नाहीच असे समजून सबंध मार्ग ताशी शंभरऐवजी एकशेवीसच्या वेगाने तोडला, तरी वाचतात ती साडेनऊ मिनिटे. आघाताची ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती ४४ टक्क्यांनी अधिक होते. साडेनऊ मिनिटे चालकाच्या खात्यात जमा होतात. ४४ टक्क्यांचा भार त्याच्याबरोबर पुढच्या गाडीतील कुटुंबावर आणि रस्त्याच्या कडेला चाक बदलीत बसलेल्या क्लीनरवर पडतो. हा व्यवहार त्यांच्या संमतीने झालेला नसतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे दिवसाला ४६० च्या वर. महाराष्ट्राचा वाटा १५ हजारांहून अधिक. मृतांपैकी ३२ हजारांवर पादचारी होते. सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण म्हणून 'अतिवेग' नोंदविलेला आहे. पोलिसी नोंदी कशा होतात हे मला ठाऊक आहे. पंचनाम्यात अतिवेग लिहून मोकळे होणे सर्वांत सोपे असते. हा आकडा निम्म्यावर आणला, तरी उरणाऱ्या मृतांची संख्या कोणत्याही समाजवाद्याची झोप उडविण्यास पुरेशी आहे.

साथींचा खरा युक्तिवाद याहून खोल होता आणि मला अस्वस्थ केले ते त्याने. ते म्हणाले, "व्यक्तीला दोष देणे ही भांडवलदारी विचारसरणी आहे, दोष व्यवस्थेचा असतो." हे आपलेच वाक्य. वर्षानुवर्षे अभ्यासवर्गांतून मी स्वतः ते शिकविले. त्याला आधारही भक्कम आहे. १९६५ साली राल्फ नेडर यांनी 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक लिहिले, तोवर अमेरिकेतील मोटार कारखानदार प्रत्येक अपघाताचे खापर चालकावर फोडून स्वतः नामानिराळे राहत. गाड्यांची रचनाच घातक आहे आणि ती तशी ठेवण्यात नफा आहे, हे नेडर यांनी दाखविले. पुढच्याच वर्षी तेथे मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. व्यवस्थेकडे बोट दाखविल्याने माणसे वाचली, याचे हे उत्तम उदाहरण.

परंतु नेडर यांनी जाब विचारला तो मेलेल्यांच्या वतीने. आपले साथी तो विचारतात स्वतःच्या वतीने, आणि तोही मोबाइलवर चलन येऊन पडल्यानंतर. रस्त्यावर खड्डे आहेत, मान्य. ठेकेदार आणि अधिकारी यांचे साटेलोटे आहे, तेही मान्य. परंतु खड्डा हे गाडी सावकाश हाकण्याचे कारण आहे, ते वेगाचे समर्थन कसे होऊ शकते? पुसट झालेला झेब्रा पट्टा पालिकेचा नाकर्तेपणा सिद्ध करतो. त्यावर उभ्या असलेल्या म्हातारीच्या अंगावर गाडी घालण्याचा परवाना देत नाही. शोषितांच्या हाती अस्त्र म्हणून घडविलेली आपली भाषा स्टिअरिंगमागे बसलेल्याने ढाल म्हणून उचलावी आणि आपण ती त्याला खुशाल वापरू द्यावी, याला वैचारिक दिवाळखोरी म्हणतात.

झाडाची तक्रार मात्र मला मंजूर आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६-अ घातले गेले आणि त्यानुसार ऑगस्ट २०२१ मध्ये नियम झाले. कॅमेरा असलेल्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवा आणि अपराध घडल्यापासून पंधरा दिवसांच्या आत सूचना मिळाली पाहिजे, असे ते नियम सांगतात. फलक झाडाआड असेल, सूचना तीन महिन्यांनी येत असेल, तर त्या चलनाविरुद्ध अवश्य भांडावे. चारांपैकी एक साथींना माफ!

उरलेल्या तिहींचा पाठीराखा आपल्याकडे प्रत्येक पक्ष होतो, हा दुखण्याचा दुसरा भाग. सप्टेंबर २०१९ मध्ये वाढीव दंड देशात लागू झाला, तेव्हा महाराष्ट्र सरकारने निवडणुकीच्या तोंडावर तो रोखून धरला. अंमल सुरू झाला डिसेंबर २०२१ मध्ये. गुजरातने दंडाची रक्कमच उतरविली. पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीची मोहीम निघाली, तेव्हा पुणेरी पगड्या घालून निषेध मोर्चा निघाला. डोक्याच्या रक्षणाविरुद्ध डोक्याच्या अभिमानाने काढलेला हा मोर्चा फक्त आमच्या शहरातच निघू शकतो. २००६ साली याच शहरात बसगाड्यांसाठी राखीव मार्गाचा देशातला पहिला प्रयोग सुरू झाला. खाजगी गाड्या त्या मार्गात बेधडक घुसल्या, अपघात झाले, आणि मग ओरड झाली ती बीआरटी हा मृत्यूचा सापळा असल्याची. घुसखोराने घरमालकाला दोषी ठरविले आणि नगर रस्त्यावरील बसमार्ग अखेर उखडण्यात आला. बसमधून जाणाऱ्या कष्टकऱ्यांची बाजू मांडायला त्या वेळी कोणती पगडी पुढे आली होती?

ठरावातील 'सामान्य माणूस' हा शब्दही तपासून घेतला पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात मोटार असलेली कुटुंबे सुमारे साडेसात टक्के होती. दुचाकी मात्र जवळजवळ निम्म्या घरांत होती, म्हणून मी सर्व वाहनधारकांना धनिक म्हणणार नाही. फरक करायचा तो अन्यत्र. जो स्वतःच्या घाईने वेग वाढवितो तो एक, आणि ज्याचा वेग दुसराच कोणी ठरवितो तो दुसरा.

जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी ई-चलनांविरुद्ध राज्यात बंद पुकारला. त्यांच्या तक्रारींत सत्यांश होता. बाजारपेठेत माल उतरविण्यास जागाच नेमून दिलेली नसेल, तर टेम्पो कोठेही उभा केला तरी दंड ठरलेलाच. शाळेच्या फाटकाशी मुले उतरविणाऱ्या बसची तीच गत. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घालून दिली होती. रात्रभर ट्रक हाकून पहाटे पुन्हा माल भरणाऱ्याला हा कायदा ऐकून तरी माहीत होता काय? दहा मिनिटांत किराणा घरपोच देण्याच्या जाहिराती कंपन्यांनी केल्या. सिग्नल तोडण्याचा मोह त्या जाहिरातीत होता, आणि दंडाचा संदेश गेला पोऱ्याच्या मोबाइलवर. येथे व्यवस्था दोषी आहे असे मी हजार वेळा म्हणेन. परंतु या माणसांचे गाऱ्हाणे पुढे करून त्यामागे वातानुकूलित मोटारी लपत असतील, तर त्या ओळखण्याइतकी नजर आपल्यापाशी हवी.

दोष ढकलण्याचीही एक उतरंड असते. १९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्श मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. गाडी चालविणारा सतरा वर्षांचा होता, असे पोलिसांनी सांगितले. अपघाताची जबाबदारी स्वतःवर घ्यावी म्हणून घरच्या पगारी ड्रायव्हरवर दबाव आणला गेला आणि ससून रुग्णालयात रक्ताचा नमुनाच बदलला गेला, असे आरोप पोलिसांनी ठेवले. त्यांचा निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे. आपल्या साथींची चार चलने आणि ही घटना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल, हे मी जाणतो. पण 'मी नव्हे, तो' हे वाक्य दोन्हीकडे एकच आहे. पैसा अधिक असला की 'तो' विकत घेता येईल असे वाटू लागते, इतकेच.

आता दंडाविषयी. दंडाचा दर हा समाजवाद्यांनी हाती घ्यावा असा प्रश्न आहे, आणि नेमका तोच ठरावात नाही. हलक्या वाहनाच्या अतिवेगाला कायद्याने एक ते दोन हजार रुपये दंड सांगितला आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या रिक्षावाल्याची त्यात दोन दिवसांची कमाई जाते. परदेशी मोटार बाळगणाऱ्याचा एक चहा-फराळ. इझ्राएलमधील हैफा शहरात दोन संशोधकांनी पाळणाघरांवर केलेला प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांना किरकोळ दंड लावला, तर उशीर करणारे वाढले. पूर्वी ओशाळणारे पालक आता पैसे मोजून निर्धास्त झाले. आपल्याकडे तर ती किंमतही कोणी वेळेवर मोजीत नाही. लोकअदालतीत तडजोड होऊन रक्कम कमी होईल, या आशेवर माणसे चलने साठवून ठेवतात.

फिनलंडने १९२१ पासून दंड मिळकतीशी जोडला आहे. २०२३ साली त्या देशाच्या आलंड बेटांवर एका धनाढ्य उद्योजकाने ताशी ५० ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ८२ च्या वेगाने गाडी नेली, तेव्हा त्याला १,२१,००० युरो भरावे लागले. आपल्या देशात बहुसंख्यांची मिळकत कोठे नोंदलेलीच नसते, हा आक्षेप मी गृहीत धरतो. पण गाडीची किंमत तर आरटीओच्या दप्तरी नोंदलेली असते! वाहनाच्या किमतीप्रमाणे दंड आकारणे अशक्य आहे, असे निदान मला तरी वाटत नाही.

ठराव पुढील बैठकीपर्यंत तहकूब झाला आहे. मी त्यास दुरुस्ती सुचविणार आहे. सरसकट माफीची मागणी वगळावी. फलक नसता किंवा मुदत उलटून पाठविलेली चलने रद्द करावीत. दंड वाहनाच्या किमतीशी जोडावा. मालाची आणि प्रवाशांची वाहतूक करणाऱ्या वाहनांचा वेगाचा दंड, कामाचे तास मोडले असतील तर, मालकाकडून आणि कंपनीकडून वसूल करावा. आणि दंडातून येणारी रक्कम पदपथ व बसगाड्या यांवरच खर्ची पडावी. दुभाजकातली ती फट पुन्हा उघडावी, अशी उपसूचना साथी मांडणार असल्याचे कानावर आले आहे. तिला मी विरोध करीन. बैठक रविवारी सकाळी ठेवली आहे, ती दुपारी घ्यावी अशी कार्यवाहांना विनंती. सकाळी आमच्या त्या भगिनीला तीन घरची कामे असतात.