‘बॉर्डर’वरची साखर

रक्ततपासणीचा अहवाल हाती पडला की, ‘साखर जरा बॉर्डरवर आहे, काळजीचे कारण नाही,’ असे म्हणण्याची रीत मध्यमवर्गीय घरांत रूढ झाली आहे. चहातील साखर चार दिवस निम्मी होते, अहवाल कपाटात जातो आणि विषय संपतो. वास्तविक विचाराला आरंभ व्हावा तो याच टप्प्यावर.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. २०२१ मध्ये देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही होते, तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची संख्या १३ कोटी ६० लाख होती, असा त्यातील अंदाज आहे. पाहणीत सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के प्रमाण आढळले ते गोव्यात. रुग्णांपेक्षा उंबरठ्यावरचे लोक अधिक असणे, हा या आकड्यांतील सर्वांत गंभीर इशारा होय.

मधुमेहाने मृत्यू ओढवतो, एवढेच सामान्यतः बोलले जाते. तो जगण्याचा कस कसा उतरवतो, याची चर्चा मात्र होत नाही. रात्री वारंवार उठावे लागल्याने झोप मोडते, दिवसभर थकवा राहतो. पायांना मुंग्या येतात, पुढे संवेदनाच हरपते आणि बोचलेला खडाही कळत नाही. दृष्टी अधू झाली की वाचन सुटते, मूत्रपिंडे निकामी झाली की आठवड्याचे वार डायलिसिसवर मोजावे लागतात. घरातील कर्त्या माणसाची ही अवस्था झाली, तर औषधोपचारांचा खर्च मुलांच्या शिक्षणातून निघतो आणि शुश्रूषेचा भार बहुधा गृहिणीवर पडतो. रोग एकाला होतो, आयुष्य साऱ्या घराचे आक्रसते.

उंबरठ्यावरचा काळही सर्वस्वी निर्धोक नसतो. हृदयविकाराचा धोका याच काळात वाढू लागतो आणि काहींच्या मज्जातंतूंची हानी येथूनच सुरू होते. अंगाने सडपातळ म्हणून निर्धास्त राहावे, तर तेही खरे नाही. भारतीयांचे शरीर वरून कृश दिसले तरी त्यात चरबीचे प्रमाण अधिक असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने जगापुढे आणले.

दिलासा एवढाच की, या उंबरठ्यावरून मागे फिरता येते. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ५३१ व्यक्तींचा अभ्यास करून २००६ साली निष्कर्ष मांडले. तीन वर्षांत, केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटातील ५५ टक्के लोक मधुमेही झाले. आहार आणि व्यायाम यांचे सातत्याने मार्गदर्शन मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर राहिले. औषधाची गोळी घेणाऱ्यांनाही याहून अधिक लाभ झाला नाही. चरकसंहितेनेही प्रमेहाच्या कारणांत बैठ्या सुखाची आणि अतिनिद्रेची गणना केली आहे.

सातत्य हे एकट्याने टिकत नाही, ते घराने टिकवावे लागते. एकासाठी वेगळे ताट वाढण्यापेक्षा साऱ्या घराचे ताट बदलणे अधिक सोपे आणि अधिक हितकारक. भाताचा ढीग कमी करून उसळ, भाजी, कोशिंबीर वाढवावी. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणत साबुदाण्याच्या खिचडीने उपवास साजरा करणेही तपासून पाहावे. गरोदरपणी साखर वाढलेल्या स्त्रीने बाळंतपणानंतरही नियमित तपासणी करावी, कारण तिला पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो. सार्वजनिक कामात वावरणाऱ्या कार्यकर्त्यांनी तर विशेष दक्ष राहावे. लांबलेल्या बैठका, प्रवास, अवेळी जेवण आणि घरोघरी आग्रहाने पुढे येणारा गोड चहा हा त्यांचा नित्यक्रम असतो. चहा नाकारल्याने मन दुखावेल, हा संकोच आता दोन्ही बाजूंनी सोडायला हवा. पाहुण्याला साखर घालण्यापूर्वी विचारणे, हेही आदरातिथ्यच आहे.

देशासाठी, समाजासाठी दीर्घकाळ राबायचे तर शरीर धड हवे. ‘बॉर्डर’ या शब्दाचा खरा अर्थ सीमा असा आहे, आणि सीमेवर गाफील राहून चालत नाही.