आपला रॅम्प कुठाय?

'फॅशन शो' म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर दोनच प्रतिक्रिया उमटतात. पहिली म्हणजे शिट्टी आणि दुसरी म्हणजे "पैसेवाल्यांची थेरं!" गॅदरिंगमधला फॅशन शो बघून कुणाचं असं मत झालं असेल तर त्याला दोष देता येणार नाही. भाड्याने आणलेले ड्रेस, कानठळ्या बसवणारी गाणी आणि पुढच्या रांगेत अवघडून बसलेले आपले सर! पण फॅशन डिझाईन शिकणाऱ्या मुलामुलींचा शो ही एक वेगळीच गोष्ट आहे. ते गॅदरिंग नसतं, ती परीक्षा असते. आणि ती आपल्या फायनल इयर प्रोजेक्टच्या व्हायवापेक्षा कितीतरी अवघड असते, असं माझं स्पष्ट मत आहे. मेकॅनिकलवाल्यांनी लगेच बाह्या सरसावू नयेत. आधी पूर्ण वाचावं!

(एक खुलासा. मी कॉन्व्हेंटवाली. दहावीपर्यंत मराठी हा माझ्यासाठी एका पेपरापुरता विषय होता. त्यामुळे 'रॅम्प'ला मराठी शब्द मला सुचला नाही. संपादक मंडळालाही सुचला नाही, म्हणून रॅम्पच ठेवला आहे.)

माझी एक मावसबहीण मुंबईत फॅशन डिझाईन शिकली. तिच्या शेवटच्या वर्षी मी सुट्टीत तिच्याकडे राहिले होते, तेव्हा हा सगळा कारखाना जवळून पाहिला. आधी कल्पना, मग ढीगभर स्केचेस, मग ब्राऊनपेपरवर पॅटर्न. पण खऱ्या कापडाला लगेच कात्री लावायची नाही. आधी तोच कपडा स्वस्त मांजरपाटात शिवून बघायचा. त्याला ते लोक 'ट्वाल' म्हणतात, आपण प्रोटोटाइप म्हणतो. तो कुठे ओढतो, कुठे फुगतो हे बघून त्यावर पेनाने खुणा करायच्या, उसवायचा, पुन्हा शिवायचा. शिवणीसाठी जे जास्तीचं कापड सोडतात त्याला शिंपी 'माया' म्हणतात. आपण ज्याला टॉलरन्स, अलाउन्स वगैरे रुक्ष नावं देतो, त्याच्या जवळच्याच गोष्टीला इतकं सुंदर नाव आहे हे मला तेव्हा कळलं!

डमीवर झकास बसलेला कपडा माणसाने घातला आणि तो चालायला लागला की काखेत काचतो. हात वर केला की कंबर वर सरकते. म्हणजे स्टॅटिक लोडला पास, डायनॅमिकला नापास. ताई तीन-तीन वेळा तीच बाही उसवत होती. आपल्यापैकी किती जणांनी एखादं सर्किट एकदा चालल्यावर, "ते नीट का चालत नाही" म्हणून तिसऱ्यांदा सोडवून पुन्हा जोडलंय? एकदा एलईडी लागला की आपण मोबाईलवर फोटो काढतो आणि कॅन्टीन गाठतो.

आता खऱ्या रॅम्पचा विचार करा. सहा महिन्यांचं काम एका मिनिटात समोरून निघून जातं. "सर, काल रात्री चालत होतं" ही सबब तिथे सांगता येत नाही. टाका सुटला तर हजार डोळ्यांसमोर सुटतो. आणि ते डोळे आपल्या सरांचे नसतात, ज्यांना आपण चार वर्षं ओळखतो आणि जे शेवटी दया दाखवतातच. समोर दुकानांसाठी माल निवडणारे खरेदीदार असतात, पत्रकार असतात, मुरलेले डिझायनर असतात. त्यांच्यावर आपल्याला पास करायचं कसलंही बंधन नसतं.

यातून काय घडू शकतं याची उदाहरणं आहेत. लंडनच्या सेंट मार्टिन्स कॉलेजातून जॉन गॅलियानो १९८४ साली पदवी घेऊन बाहेर पडला. त्याचं पदवीचं कलेक्शन 'ब्राऊन्स' या नावाजलेल्या दुकानाने जसंच्या तसं विकत घेतलं आणि काचेत मांडलं. पुढे हेच कॉलेज सेंट्रल सेंट मार्टिन्स झालं. १९९२ साली तिथल्या एम.ए.च्या शोमध्ये अलेक्झांडर मॅक्वीनचं कलेक्शन होतं. हा टॅक्सी ड्रायव्हरचा मुलगा. सोळाव्या वर्षी शाळा सोडून लंडनच्या सॅव्हिल रोवर सूट शिवायला शिकलेला. इझाबेला ब्लो या फॅशन पत्रकार बाईंनी त्याचं सगळं कलेक्शन ५००० पौंडांना घेतलं, तेही हप्त्याहप्त्याने! चारच वर्षांनी, १९९६ मध्ये, तो पॅरिसच्या 'जिव्हाँशी'चा मुख्य डिझायनर झाला. त्या कॉलेजचा एम.ए.चा शो लंडन फॅशन वीकच्या वेळापत्रकात असतो. म्हणजे विद्यार्थ्यांनी त्याच आठवड्यात, त्याच प्रेक्षकांपुढे उतरायचं, जिथे मोठी नावं उतरतात.

लंडन लांब आहे, म्हणून आपल्या मुंबईचं सांगते. लॅक्मे फॅशन वीकमध्ये नवोदितांसाठी 'जेननेक्स्ट' नावाचा शो सुरू झाला. २००६ साली राहुल मिश्रा तिथे पहिल्यांदा उतरला, केरळच्या हातमागाचं कापड घेऊन. कानपूरकडच्या खेड्यातला मुलगा, आधी फिजिक्स शिकलेला, मग अहमदाबादच्या एन.आय.डी.त गेलेला. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय वूलमार्क पुरस्कार मिळवणारा तो पहिला भारतीय ठरला आणि २०२० मध्ये पॅरिसच्या ओत कुत्यूर वीकमध्ये त्याचे कपडे झळकले. मसाबा गुप्ता २००९ मध्ये मुंबईतल्या रॅम्पवर आली तेव्हा ती १९ वर्षांची होती. तिचं शिक्षण आपल्या जुहूच्या एस.एन.डी.टी.च्या पॉलिटेक्निकमध्ये झालं. घरचं नाव मोठं असलं की दार लवकर उघडतं हे खरं आहे. पण दाराच्या आत उभं राहायला कपडाच लागतो.

म्हणजे सगळं गोड आहे का? अजिबात नाही. रॅम्पच्या दुसऱ्या बाजूबद्दलही बोलायला हवं.

एक, खर्च. चांगलं कापड, भरतकाम, शिलाई, फिटिंगसाठी येणं-जाणं, हे सगळं बऱ्याचदा विद्यार्थ्याच्या खिशातून जातं. ज्याच्या वडिलांचा खिसा खोल त्याचं कलेक्शन जड दिसणार हे उघड आहे. ताईने शेवटी आजीच्या जुन्या इरकली साड्या कापल्या. लोकांना ती 'कन्सेप्ट' वाटली. खरं कारण बजेट होतं!

दोन, श्रेय. शोच्या शेवटी डिझायनर येऊन नमस्कार करतो, टाळ्या घेतो. पण ज्या मास्टरजींनी रात्रभर मशीन चालवली, ज्या विणकराच्या मागावर ते कापड विणलं गेलं, त्यांचं नाव कुठेच नसतं. निफ्टसारख्या संस्था विद्यार्थ्यांना कारागिरांच्या गावी पाठवतात, तिथल्या कलेची नोंद करायला लावतात. चांगलंच आहे. पण नोंदवहीतलं नाव रॅम्पपर्यंत पोचलं तर ते जास्त चांगलं.

तीन, निवड. प्रोफेशनल शोमध्ये सगळा वर्ग जात नाही, मोजकेच जातात. बाकीच्यांनीही तेवढ्याच रात्री जागवलेल्या असतात. त्यांचं काम कुणी बघायचं?

हे तिन्ही आक्षेप मला मान्य आहेत. तरीही मी रॅम्पच्याच बाजूने आहे. कारण या तिन्ही गोष्टी सुधारता येतात. पण काम चार भिंतींआड ठेवायची सवय एकदा लागली की ती सुटत नाही. आणि ही सवय काय करते हे बघायला लंडनला किंवा जुहूला जायची गरज नाही. आपल्याच डिपार्टमेंटचं स्टोअर उघडा.

तिथे काय दिसतं? धूळ खात पडलेली मॉडेल्स आणि काळ्या रेक्झिनमध्ये सोनेरी अक्षरांनी बांधलेले रिपोर्ट. एकाच विषयावरचे, जवळपास त्याच प्रस्तावनेचे, वेगवेगळ्या सालांचे! शहरात तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानं आहेत हे फर्स्ट इयरच्या मुलालाही माहीत असतं. पैसे दिले की मॉडेल, रिपोर्ट आणि 'व्हायवाला हे प्रश्न येतील' असा कागदसुद्धा मिळतो. मी हे कुणा एकाला उद्देशून लिहीत नाही. पण हा धंदा चालतो, कारण ते प्रोजेक्ट दहा मिनिटं एक्स्टर्नलसमोर टिकलं की पुरतं. तेच प्रोजेक्ट शंभर लोकांसमोर दिवसभर चालवून दाखवायचं असेल आणि त्यात समोर एखादा कारखान्यातला फोरमन उभा राहून "हे बेअरिंग इथे का लावलंय?" असं विचारणार असेल, तर विकत आणायची हिंमत किती जण करतील?

आपल्याकडे रॅम्प अगदीच नाही असं नाही. बाजा स्पर्धेत आपल्यासारखीच पोरं स्वतः वेल्डिंग केलेली गाडी खडकाळ ट्रॅकवर पळवतात. २००८ साली आशियाभरच्या कॉलेजांची रोबोकॉन स्पर्धा पुण्यात झाली, तेव्हा विषयच मुळी गोविंदा आणि दहीहंडीचा होता. तिथे गाडी बंद पडते, रोबो आडवा होतो, सगळ्यांच्या देखत होतो. पण त्या टीममधल्या सीनियर्सशी बोलून बघा. बंद पडलेल्या गाडीबद्दल ते जितकं सांगतात तितकं आपण पास झालेल्या विषयाबद्दलही सांगू शकत नाही. अडचण एवढीच, की तिथे टीममधली पंधरा-वीस जणं जातात. बाकी वर्ग टाळ्या वाजवायला असतो.

म्हणून सर आणि मॅडम, आपल्यापुढे नम्रपणे तीन सूचना ठेवते. पहिली, वर्षाच्या शेवटी एक पूर्ण दिवस सगळ्या प्रोजेक्ट्सचं खुलं प्रदर्शन व्हावं. निवडक नको, सगळ्यांचं हवं. एम.आय.डी.सी.तले लोक, जवळच्या आय.टी.आय.ची मुलं, पालक, आपल्या ज्युनियर्सना बोलवावं. दुसरी, प्रत्येक मॉडेलपुढे एक पाटी असावी: कोणता भाग आम्ही केला, कोणता बाहेरून करून आणला, आणि कुणाकडून. वर्कशॉपमधल्या ज्या मामांनी लेथवर शाफ्ट काढून दिला त्यांचं नाव त्यावर यावं. फॅशनवाल्यांना जे अजून जमलेलं नाही ते आपण आधी करून दाखवू! तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची सूचना म्हणजे, न चाललेली प्रोजेक्ट्सही मांडू द्यावीत. का चाललं नाही हे जो नीट सांगेल, त्याला मार्क मिळावेत. या एका नियमाने तयार प्रोजेक्टच्या दुकानांचं अर्धं गिऱ्हाईक कमी होईल, कारण पुष्कळ जण आळसापेक्षा भीतीने तिकडे वळतात.

आणि मित्रमैत्रिणींनो, सबमिशनच्या आदल्या रात्री कॉरिडॉरमध्ये बसून जर्नल उतरवताना आपण सगळेच म्हणतो, "हे कोण वाचणारे?" प्रश्न बरोबर आहे. वाचणारं, बघणारं कुणी नसेल तर चांगलं करावंसं वाटणार तरी कसं? त्या मुलांना कुणीतरी बघणार आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं, म्हणून ती मांजरपाट तिसऱ्यांदा उसवतात. आपल्यालाही बघणारे मिळायला हवेत. प्रोजेक्ट्सचे विषय ठरायला अजून अवकाश आहे. घोडामैदान फार लांब नाही. डिपार्टमेंटच्या बैठकीत हा विषय कुणीतरी काढायला हवा. मी काढणार आहे. सोबत कोण येतंय?