परदेशी पोटाला तपासणी, आमच्या पोटाला काय?



सरकी लावण्याआधी पिशवीवरचा उगवणीचा टक्का आणि लॉट नंबर आपण पाहतो. पण गुडघेदुखीची, साखरेची, ‘ताकदीची’ पुडी बाजारातून आणताना ती कोणी बनवली, हेसुद्धा विचारत नाही. का? तर म्हणे, ‘झाडपाल्याचं औषध, अपाय नाही!’

घरचा अडुळशाचा काढा वेगळा आणि रसौषधी वेगळी. रसशास्त्रात पारा, शिसे, हिंगूळ, मनशीळ, हरताळ मुद्दाम वापरतात. हिंगुळात पारा असतो, मनशीळ-हरताळात आर्सेनिक. शोधन-मारण केले की विष उतरते, असे जाणकार वैद्य सांगतात. पण हातातल्या गोळीचे शोधन झाले की नाही, हे डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही. ते प्रयोगशाळेतच कळते.

अमेरिकेत बोस्टन भागातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधे तपासली गेली. २००४ साली निष्कर्ष छापून आला: १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक! लगेच दिल्लीला जाग आली. १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधींना जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. देशात विकायच्या मालाला मात्र त्या हुकमात ही सक्ती नव्हती. म्हणजे परदेशी गिऱ्हाईक माणूस आणि कापूस-ज्वारी पिकवणारा कोण?

शिसे अंगात साचत जाते. पोटात कळा, बद्धकोष्ठ, रक्त कमी होणे, थकवा. आपण म्हणतो, कामाचा शीण! लहान मुलांच्या बुद्धीवर ते घाला घालते. त्यांना निर्धोक अशी शिशाची मात्राच नाही. पारा मूत्रपिंडे निकामी करतो.

कायद्याच्या यादीतले विषारी द्रव्य पोटात घ्यायच्या औषधात असेल, तर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्या’ हा इशारा वेष्टनावर छापावा लागतो. कोणत्या भाषेत? इंग्रजी आणि हिंदीत! मराठी वाचणाऱ्याने काय करावे?

जिल्हा बैठकीत ठराव करा: निर्यातीला जी तपासणी, तीच गावच्या दुकानातल्या औषधाला, इशारा मराठीत, आणि संशयित पुडी तपासून देण्याची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी.

तोवर परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि घटकांची यादी नसलेली पुडी विकत घेऊ नका. वैद्य स्वतः औषध बनवून देत असतील, तर त्यात काय आहे ते लिहून मागा. महिनोन्‌महिने गोळ्या चालू असतील आणि पोट दुखत असेल, तर गोळ्या घेऊन डॉक्टरकडे जा, रक्तातले शिसे तपासायला सांगा.

बियाणे फसवे निघाले तर एक हंगाम जातो. औषध फसवे निघाले तर माणूस जातो.