तुझे खाते कोणते?

मागच्या पंधरवड्यात माळेगाव बुद्रुक येथे एका नवदीक्षित कुटुंबाच्या घरी बसण्याचा योग आला. घरातील आजोबा ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी ते मुंबईच्या गिरणीत रिंगखात्यात होते. १९८२ च्या संपानंतर गावी परतले, ते कायमचेच. आम्ही बोलत असता त्यांची नात बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतून कामावरून आली. ती तयार कपड्यांच्या एका कारखान्यात जाते. आम्ही तिला पगार विचारला. आजोबांनी विचारले, "पोरी, अजून धागेच कापतेस, का मशीनवर घेतलं?" ती म्हणाली, "धागेच, आबा." दोन वर्षे ती तेच काम करीत आहे. "माझ्या बापालाही मागावर घेतलं नव्हतं," एवढेच म्हणून ते गप्प झाले.

या एका वाक्यामागे आपल्या समाजाचा मोठा इतिहास आहे, आणि नव्या पिढीला तो ठाऊक असणे अगत्याचे आहे.

दुष्काळाने व गावकीच्या जाचाने त्रासलेली आपली माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, ती तेथे जात विचारली जाणार नाही या आशेने. यंत्राला विटाळ होत नाही, असा त्यांचा भाबडा समज होता. यंत्राला विटाळ झाला नाही हे खरे; यंत्रावरच्या माणसाला मात्र झाला. मागाच्या धोट्यातील कांडीवरचे सूत संपले की नवी कांडी घालावी लागे, आणि सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले, त्याला आम्ही ओठ कसे लावावे, असा सवाल स्पृश्य विणकऱ्यांनी केला. आणि तेवढ्या कारणावरून विणकाम खाते आपल्या लोकांना बंद राहिले. गिरणीतील चांगली मजुरी त्याच खात्यात होती. आपल्या वाट्याला आले ते रिंगखाते आणि कमी दामाची इतर कामे. ही बंदी कोणत्याही कायद्यात लिहिलेली नव्हती. भरती जॉबरच्या हाती होती, जॉबर आपल्या नात्यागोत्याची व जातीची माणसे लावी, आणि न लिहिलेला नियम लिहिलेल्या नियमाहून कडकपणे पाळला जाई.

१९२८ साली मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे आग्रह धरला, की दलित कामगारांना विणकाम खाते खुले करण्याची मागणीही इतर मागण्यांबरोबर मांडली पाहिजे. पुढाऱ्यांची त्यास प्रथम तयारी नव्हती. कामगारांत जात आणू नका, एकी मोडेल, असे तेव्हाही सांगितले जाई आणि आजही सांगितले जाते. आमचे उत्तर सरळ आहे. एकी मोडली ती खात्याच्या दारावर माणसाला अडवणाऱ्याने. अडवले असे सांगणाऱ्याने नव्हे.

तथापि बाबासाहेब कामगारांच्या एकजुटीला कधीच पारखे झाले नाहीत, हेही तितकेच ध्यानी घेतले पाहिजे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही व भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबरला झालेल्या एक दिवसाच्या संपात ते अग्रभागी होते. परळच्या चाळीत त्यांनी वर्षानुवर्षे काढली होती. एका खोलीत दोन-दोन कुटुंबे कशी राहतात हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असता, १९४६ साली, त्यांच्याच विधेयकाने कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. तो लाभ सर्व जातींच्या कामगारांना मिळाला. विटाळ मानणाऱ्यांनाही मिळाला.

माळेगावच्या त्या मुलीच्या बाबतीत जातच आड आली, असे आम्ही म्हणत नाही. वकिलाने पुराव्यावाचून आरोप करू नये. परंतु दोन वर्षांत तिला मशीन का शिकवले नाही, हे तिने विचारले नाही आणि तिला कोणी सांगितलेही नाही. तिला नेमणूकपत्र नाही. तिला ठेकेदाराने लावले आहे. जॉबर गेला, ठेकेदार आला. कोणाला कोणते काम द्यायचे हे अजूनही एका माणसाच्या मर्जीवर राहिले. जेथे कागद नसतो तेथे जुनी सवय बिनबोभाट नांदते.

कायदा आज आपल्या बाजूला उभा आहे. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने, जो पुढे नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, अस्पृश्यतेच्या कारणाने कोणास व्यवसायापासून अडवणे हा गुन्हा ठरवला. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेने, दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत, नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. परंतु कायदा मागितल्याशिवाय घरी चालत येत नाही.

म्हणून आमच्या वाचक कुटुंबांस आमचे सांगणे आहे. मुलगा वा मुलगी कामाला लागली, की पगाराबरोबर खातेही विचारा. नेमणूकपत्र लेखी मागा. पगारपत्रके एका पिशवीत जपून ठेवा. वरचे काम शिकण्यासाठी अर्ज करा, आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. एकट्याने भीती वाटत असेल तर चौघी मिळून जा. त्या चौघी निरनिराळ्या जातींच्या असतील तर अधिकच चांगले.

आम्ही निघालो तेव्हा ती मुलगी वहीच्या कागदावर अर्ज लिहीत बसली होती आणि आजोबा शेजारी बसून तिच्या लेखणीकडे पाहत होते. त्यांच्या वडिलांना असा अर्ज करता आला नाही. तो कोणाकडे करावा हे सांगणाराही कोणी नव्हता. तिला मशीन मिळेल की नाही हे आम्ही आज सांगू शकत नाही. पण नाही म्हणायचे झाले, तर ते आता कोणाला तरी तिच्या लेखी अर्जावर म्हणावे लागेल.