तारखेचा खर्च कोण भरतो?



पावसाच्या तोंडावर घेतलेले दोन हजार रुपये. दोन वर्षांनी कोर्टाचा कागद येतो. तालुक्याला जायचे म्हणजे एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, वकिलाची फी, टाईपवाला. दुपारपर्यंत ओट्यावर बसून कळते, साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख. असे आठ-दहा वेळा झाले की खर्च कर्जाच्याही वर जातो. सावकाराला काय? त्याचे दुकान कोर्टाच्या गावातच. उशीर त्याला परवडतो. आपला माणूस कंटाळून जायचेच सोडतो, आणि हेच त्याला पाहिजे असते.

गैरहजर राहिले की एकतर्फी निकाल. तो बारा वर्षे वसुलीला चालतो. समन्स घेतले नाही म्हणून दावा टळत नाही. बेलिफ दाराला चिकटवून जातो अन् कोर्ट धरते की मिळाले. खरोखरच मिळाले नसेल तर निकाल कळल्यापासून ३० दिवसांत तो रद्द करायचा अर्ज करता येतो. भात कापून झाल्यावर बघू, असे चालत नाही.

वकिलासाठी बैल विकू नका. १९८७ च्या कायद्याने आदिवासीला फुकट वकील मिळतो, कमाई कितीही असो. कोर्ट फीसुद्धा लागत नाही. जातीचा दाखला घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. फुकटचा वकील लक्ष देत नाही, अशी तक्रार येते. ती पुष्कळदा खरी असते. म्हणून तारखेला पाड्यातली दोन माणसे बरोबर जावीत, वकिलाला विचारत राहावे.

पहिला प्रश्न लायसनचा. पैसे दिले तेव्हा सावकाराकडे लायसन नसेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याने त्याचा दावा फेटाळला जातो. व्याजही मुदलापेक्षा जास्त मागता येत नाही.

"जमीन लिलाव करीन" ही धमकी तर रोजचीच. जमीन महसूल कायद्याचे कलम ३६अ सांगते की कोर्टाच्या हुकुमावरूनही आदिवासीची जमीन कलेक्टरच्या आगाऊ परवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकता येत नाही. शेतकऱ्याचे नांगर, बैल, बियाणे, राहते घर, स्वयंपाकाची भांडी यांवर जप्ती येत नाही. बँक आणि सोसायटीकडे जमीन गहाण असेल तर नियम वेगळे आहेत, ते पुढच्या अंकात देऊ.

कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, तडजोडीच्या कागदावर वाचून घेतल्याशिवाय देऊ नका. ज्यांच्या घरी समन्स पडून आहे त्यांनी ते पुढच्या बैठकीला घेऊन यावे.