गाडी मुक्कामी उभी करताना

अशोक विजयादशमी जवळ आली की गावोगावी गाड्या ठरू लागतात. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून दीक्षाभूमीच्या वाटेवर दरवर्षी माणसांचा पूर लोटतो. नागपूरकरही ६ डिसेंबरला चैत्यभूमीला आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावला निघतात. सगळ्यांनाच धर्मशाळा किंवा नातेवाइकाचे घर मिळत नाही. अनेक कुटुंबांचे दोन रात्रींचे घर म्हणजे ती मिनी बस किंवा टेम्पो ट्रॅव्हलरच. आत म्हातारी माणसे झोपतात, बाहेर चटया पसरल्या जातात, शेजारीच स्टोव्ह पेटतो.

भाडे किती, माणसे किती, शिधा किती, हे आपण वहीत मांडतो. गाडी मुक्कामाला उभी कशी करायची, हे मात्र ड्रायव्हरवर सोडून देतो. चाकांपासून दोन हातांवर आपली मुले झोपणार असतील, तर ही जबाबदारी साऱ्या मंडळींची आहे.

परदेशात झोपण्या-शिजवण्याची सोय असलेल्या गाड्या घेऊन लोक फिरतात, त्यांना कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. मुक्कामावर पोहोचताच हे लोक आधी गाडी पाणसळीत आणतात, मग चहा ठेवतात. त्यांची रीत आपल्या भाड्याच्या गाडीलाही चालते.

पहिली गोष्ट जागेची. वाहनतळ ठरवून दिलेला असेल तिथेच, पण शक्य तितक्या सपाट आणि मुरमाड जागी गाडी लावावी. आपल्या विदर्भाची काळी माती फसवी आहे. दसऱ्याच्या सुमारास ती वरून सुकलेली दिसते, पण आत ओल असते. संध्याकाळी नीट उभी असलेली गाडी सकाळपर्यंत एका बाजूला खचलेली आढळते. यावर उपाय फळीचा. समजा, एका चाकावर ७५० किलो भार आहे आणि टायर सुमारे २७० चौरस सेंटिमीटर जमिनीवर टेकला आहे. त्याखाली ३० सेंटिमीटर लांब-रुंद जाड फळी ठेवली की तोच भार ९०० चौरस सेंटिमीटरवर पसरतो. दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ तीन किलोऐवजी एक किलोही येत नाही.

दुसरी गोष्ट पातळीची. त्यासाठी यंत्र विकत घ्यायला नको, स्वयंपाकाची परात पुरते. गाडीच्या आत, जिथे अंथरूण पडणार तिथे, परातीत थोडे पाणी घालून ठेवावी. परातीच्या डाव्या आणि उजव्या काठापासून पाणी किती खाली आहे ते पट्टीने मोजावे. पुढचे शाळेतले त्रैराशिक. परात १८ इंच रुंद आहे आणि दोन काठांत अर्ध्या इंचाचा फरक आला. डाव्या-उजव्या चाकांतले अंतर ५४ इंच, म्हणजे परातीच्या तिप्पट. तेव्हा उताराच्या बाजूच्या पुढच्या व मागच्या, दोन्ही चाकांखाली दीड इंच जाडीची फळी हवी. फळी चाकापुढे ठेवून गाडी तिच्यावर हळू चढवावी. एकाच माणसाने बाहेरून इशारा करावा. त्या वेळी गाडीच्या मागेपुढे कोणी उभे राहू नये. आडवी पातळी साधली की परातीचे पुढचे आणि मागचे काठ मोजून पुढची-मागची पातळी पाहावी. थोडा उतार उरलाच, तर उशी चढाच्या बाजूला घ्यावी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना उताराच्या बाजूने लाकडी पाचर किंवा मोठा दगड पक्का लावावा. नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नये. बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांना धरतो. मागचे चाक जॅकने उचलले की ती पकड ढिली होते आणि गाडी जॅकवरून घसरू शकते. म्हणून पातळीसाठी जॅक वापरूच नये. जॅक पंक्चरपुरता, आणि जॅकवरच्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

टेकू सर्वांत शेवटी. उभ्या बैलगाडीच्या जुवाखाली आपण टेकू देतो, तसेच कॅरॅव्हॅनच्या चार कोपऱ्यांना पाय असतात. ते गाडी डुलू नये म्हणून असतात, उचलण्यासाठी नव्हे. भार चाकांवरच राहिला पाहिजे. आपल्या गाडीला असे पाय नसतात, तेव्हा विटांची उतरंड रचून कोपरे उचलण्याचा खटाटोप करू नये. वीट फुटते. म्हाताऱ्या आईला चढ-उतार करायला एक भक्कम, न डगमगणारी पायरी मात्र जरूर ठेवावी.

रात्री सारी मंडळी आत बसल्यावर पाचर पुन्हा तपासावी. पाऊस पडून गेला तर परात पुन्हा मांडावी. स्टोव्ह गाडीच्या आत पेटवू नये.

निघताना क्रम उलटा. पायरी उचलावी आणि माणसे मोजावी. मग एकाने बॅटरी घेऊन गाडीभोवती पूर्ण फेरी मारावी, खाली वाकून पाहावे, हाका माराव्यात. गर्दीत दमलेला माणूस सावली पाहून गाडीखाली झोपतो, आणि तो आपल्याच गाडीतला असेल असे नाही. फेरी झाल्यावर इंजिन सुरू करावे, ड्रायव्हरने ब्रेक दाबून धरावा आणि मगच बाजूने पाचर काढावी. उताराकडे उभे राहून ती कधीही काढू नये.

दोन फळ्या, चार पाचरी, एक परात आणि एक बॅटरी. यंदा गाडी ठरवताना शिध्याच्या यादीत ही चार नावे लिहा, आणि त्यांपुढे फेरी मारणाऱ्या माणसाचेही नाव लिहा.